एकशेवीस चिरे

मोजणी केली त्या दिवशी श्रमसाफल्य सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या ब विंगमध्ये तळमजला धरून चार मजले, आठ घरं आणि अठ्ठेचाळीस माणसं होती. पाण्याची पिंपं एकतीस, त्यातली भरलेली सव्वीस. लोखंडी कपाटं अकरा. फ्रिज सात, वीज दिवसाला दोनच तास असल्यामुळे त्यात तांदूळ आणि कागदपत्रं ठेवलेली. शिवणयंत्रं तीन, खाटा नऊ, दिवाण सोळा. गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या, एक फुटकी, आणि सेक्रेटरी मयेकरकाकांच्या अकरा कुंड्या. भिंतींना तडे एकशे चौदा. खांबांना नऊ.

ही मोजणी मी केली. मी रेवा खोत, भौतिकशास्त्राची पदवीधर, आमच्या कॉलेजातल्या शेवटच्या तुकडीची. कॉलेजच्या इमारतीत आता लष्करी चौकी आहे. मी राहते याच ब विंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, आई आणि वंदनाआत्यासोबत. आत्यापुरतं ‘राहत होते’ असं लिहायला हवं. पण ते पुढे येईल.

कांदळशेत बंदरातली लढाई बावीस दिवस चालली. मग तह झाला. तहात तोफा थांबल्या, नाकेबंदी राहिली. समुद्रात एक फौज आणि घाटाच्या तोंडाशी दुसरी. त्यांचं कशावरच एकमत नव्हतं, एका यादीचा अपवाद सोडून. सिमेंट, सळ्या, चुना, पत्रा, खडी, पाइप, लाकडी वासे. यातून घर होतं तसा खंदकही होतो, म्हणून बंदी. गावात ६,१४० घरं होती. १,९१२ उभी राहिली, आणि उरलेल्या घरांतली माणसं या घरांत आली. पुनर्बांधणीचा आराखडा पहिल्याच महिन्यात तयार झाला होता. नगरपरिषदेच्या भिंतीवर तो रंगीत छापून लावलेला आहे. तीनशे पाये खणलेही होते. वर्ष उलटलं तरी त्या खड्ड्यांत पाण्याशिवाय काही पडलं नाही.

खांबांना तडे गेलेल्या इमारतींत दुप्पट माणसं राहू लागली तेव्हा इमारती पडू लागल्या. चार महिन्यांत सात पडल्या. मग बाहेरच्या एका संशोधन संस्थेनं आम्हाला वीस यंत्रं पाठवली. यंत्रात ना सिमेंट ना सळी, ते यादीत बसत नव्हतं, म्हणून नाक्यावरून आत आलं. घर बांधायचं सामान येऊ शकत नव्हतं; घर किती दिवस टिकेल ते सांगणारी पेटी येऊ शकत होती.

यंत्र जेवणाच्या डब्याएवढं. गावात त्याला सगळे ‘नाडी’ म्हणतात, आणि ते नाव चुकीचं नाही. प्रत्येक इमारत सतत डोलत असते. वारा, रस्त्यावरचा ट्रक, लाटांचा किनाऱ्यावरचा मार, यांनी ती मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी हलते. आपल्याला ते कळत नाही, नाडीला कळतं. ज्याने होडीची डोलकाठी पाहिली आहे त्याला पुढचं समजायला अवघड नाही. काठी ताठ असेल तर ती भरभर हलते. तिच्या शेंड्याला ओझं बांधा, ती सावकाश हलू लागेल. काठी आतून किडली असेल, तरीही ती सावकाशच हलेल. सेकंदाला किती हेलकावे, हा आकडा नाडी देते. त्यावरून इमारतीचा ताठपणा काढायचा आणि ताठपणावरून ती किती माणसं सुरक्षित पेलेल ते ठरवायचं.

अडचण एवढीच की काठी सावकाश का हलते, ओझ्यामुळे की किडीमुळे, हे नाडी सांगत नाही. समीकरण एक, अज्ञात दोन. म्हणून ओझं आपण मोजून द्यावं लागतं. मी घरोघरी जाऊन पिंपं आणि कपाटं मोजत होते ती यासाठी.

आमच्या विंगची पाळी आली त्याच्या आदल्या दिवशी जेवताना आईनं विषय काढला.

“रेवा, ते दिवाण दिवाणच लिही हां.”

“आई, प्रत्येक दिवाणाखाली साठ चिरे आहेत.”

“मला माहीत आहेत. मीच उचललेत अर्धे.”

ते चिरे आत्याचे. बंदर आळीतलं तिचं जांभ्या दगडाचं घर अकराव्या दिवशी पडलं. आत्या खाडीच्या लाँचवर तिकीट देणारी, सत्तावीस वर्षं. नवरा गेलेला, मूल नाही, घर होतं. लढाई थांबल्यावर ती छिन्नी घेऊन ढिगाऱ्यावर बसली आणि फुटके बाजूला टाकत अख्खे चिरे वेचू लागली. एकशेवीस मिळाले. एक चिरा बत्तीस किलोचा. हातगाडीवर आठ-आठ आणून आम्ही ते तिसऱ्या मजल्यावर चढवले, पाच बाय चार बाय तीन असे रचले, वर गादी आणि चादर घातली. दहा बाय आठच्या खोलीला साडेतीनशे लागतात. आत्या म्हणायची, “कमरेपर्यंत भिंत झाली माझी. वरचं धड उघडं राहील, एवढंच.”

चिरे लपवायचं कारण होतं. नगरपरिषदेच्या साहित्य कार्यालयाचा नियम असा की जुनं बांधकाम साहित्य सापडलं की दोनतृतीयांश सामायिक साठ्यात जमा. तो साठा शाळेच्या मैदानात होता आणि तिथून आजवर एक चिरा कुणाच्या घराला लागलेला कुणी पाहिला नव्हता. शिवाय नाडीच्या कामासाठी मला जे निळं जाकीट मिळालं होतं ते त्याच कार्यालयाचं होतं.

“वहिनी, लिहू दे तिला,” आत्या म्हणाली. “तिचं काम आहे ते. खोटं लिहायला लावू नकोस पोरीला.”

“मग ऐंशी चिरे जातील तुझे.”

आत्यानं भाताचा घास घेतला. “ऐंशी गेले तर गुडघ्यापर्यंतच येते भिंत,” ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, “काय गो बाय, तुझ्या त्या डब्याला कळेल का एवढ्याशा चिऱ्यांचं?”

“एकशेवीस आहेत.”

“तेच ते.”

मी मनात हिशेब केला. तीन हजार आठशे चाळीस किलो. इमारत चारशेवीस टनांची. एक टक्क्याहूनही कमी. यंत्राची स्वतःची त्रुटी याहून जास्त. मी म्हणाले, “कळणार नाही.”

त्या वाक्यात चूक नव्हती. एका घरापुरतं ते आजही बरोबर आहे.

मोजणीच्या दिवशी मी आठही घरांत गेले. लोक माझ्या जाकिटाकडे बघत आणि मग माझ्याकडे. तळमजल्यावर नाझनीन काझींनी विचारलं, “चहा घेशील ना? की सरकारी माणूस म्हणून नाही घेत?” आणि मला दिवाणावर बसवलं. वर मयेकरकाकांकडेही मी दिवाणावर बसले. समोरच्या पेडणेकरांकडेही. सगळीकडे चादरी जमिनीपर्यंत सोडलेल्या होत्या. मी प्रत्येक ठिकाणी लिहिलं, दिवाण दोन, लाकडी, प्रत्येकी पंचेचाळीस किलो. चादर उचलून बघावी असं मला वाटलं नाही. आमच्या घरातली चादर कुणी उचलू नये एवढंच माझ्या डोक्यात होतं.

नाडी जिन्याच्या डोक्याशी, गच्चीच्या दाराजवळ दोन तास ठेवली. सेकंदाला २.७१ हेलकावे. ओझ्याचे आकडे भरले. सुरक्षित क्षमता आली सदतीस माणसं, त्रुटी अधिक-उणे तीन.

मी आकडे तीनदा तपासले. मग, कुणाला न सांगता, आमचे चिरे ओझ्यात धरून आणि नंतर ते इमारतीतून काढले असं समजून पुन्हा गणित केलं. एकोणचाळीस आलं. दोन माणसांचा फरक. त्रुटी तीनची. मी ते पान मिटवलं.

सभा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये झाली. गाड्या कुठल्याच नव्हत्या, त्यामुळे जागा भरपूर. मयेकरकाका संस्थेच्या लेटरहेडवर विषयपत्रिका लिहून आले होते. तोफगोळ्यानं संस्थेचं ऑफिस गेलं होतं, पण लेटरहेड त्यांनी वाचवलं होतं.

“विषय क्रमांक एक,” ते म्हणाले. “अठ्ठेचाळीस वजा सदतीस.”

“काका, आकडा पक्का आहे का पण?” पेडणेकरांनी विचारलं, पण बघितलं माझ्याकडे.

“मोजल्यावर आलाय तो,” मी म्हणाले.

“कशातलं काय कमी करता येईल? पिंपं उतरवली तर?”

“पिंपं धरलीत मी. सगळी खाली ठेवली तर एक माणूस वाढेल.”

“आणि माझ्या कुंड्या?” मयेकरकाकांनी विचारलं.

“काकांच्या कुंड्या काढल्या तर काका पण जातील,” नाझनीनभाभी म्हणाल्या. “मग दोन कमी.”

यावर थोडं हसू झालं. मला तेव्हा वाटलं होतं की मी विचारावं, कुणाच्या घरात मोजायचं राहिलेलं असं काही आहे का. पण ते विचारणाऱ्यानं आधी आपलं सांगावं लागतं. मी आईकडे पाहिलं. आई पायातल्या चपलेकडे बघत होती. आता आठवतं तर वाटतं, त्या पार्किंगमध्ये बरेच जण चपलांकडेच बघत होते.

मयेकरकाकांनी उपविधी काढले. संस्थेचे सभासद कोण, सहसभासद कोण, आणि बिगरसभासद कोण. लढाईनंतर आश्रयाला आलेले सगळे बिगरसभासद. ते चौदा होते. त्यांत पेडणेकरांची भाची बाळंतीण, तिची जुळी. त्या तिघांना वगळायला सगळ्यांनी हात वर केले. उरले अकरा. आकडा इतका नेमका बसला की चिठ्ठ्यासुद्धा टाकाव्या लागल्या नाहीत. ठराव एकमतानं मंजूर झाला. सूचक, अनुमोदक, सही.

अकरात वंदनाआत्या होती.

घरी आल्यावर तिनं पिशवी भरायला घेतली. दोन साड्या, टॉर्च, लाँचच्या तिकिटांना भोकं पाडायचा जुना चिमटा. तो कशाला, हे मी विचारलं नाही. आई स्वयंपाकघरात गेली आणि तिथून भांड्यांचा आवाज येत राहिला.

“आपले चिरे धरले असतेस तर किती आलं असतं?” आत्यानं विचारलं.

“आत्या, ते त्रुटीच्या आतलं आहे.”

“म्हणजे गणित केलंयस.”

“एकोणचाळीस.”

“म्हणजे नऊच जण गेले असते.” ती दिवाणावर बसली. “त्या दोघांत मी असतेच कशावरून?”

“मी उद्या जाऊन सांगते. मयेकरकाकांना सांगते. चिरे देऊन टाकू.”

“आणि दिल्यावर मी परत कुठं येऊ?” तिनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. “आता मिठागरावरच्या शेडमध्ये जाईन ती पाहुणी म्हणून. चिरे आहेत तोवर माझं घर व्हायचं बाकी आहे. चिरे गेले की संपलं ते. कळतंय का तुला? तू शिकलेली आहेस.”

मला कळलं, असं मला वाटलं. मी गेले नाही. तिनं नको म्हटलं म्हणून गेले नाही असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मयेकरकाकांच्या दाराशी उभं राहून ‘मी एक आकडा लपवला’ असं म्हणायची कल्पना मला सहन होत नव्हती. कॉलेजात मी प्रयोगवहीत कधी खाडाखोड केली नव्हती.

खाडीपलीकडच्या जुन्या मिठागरांवर नगरपरिषदेनं ताडपत्रीच्या शेड घातल्या होत्या. मी दर गुरुवारी जायची. आत्यानं तिथेही आपलं बस्तान मांडलं होतं. पाण्याच्या टँकरसाठी रांग लावताना ती लोकांना पुठ्ठ्याचे तुकडे चिमट्यानं भोक पाडून देई, म्हणजे नंबरावरून भांडण नको. “सत्तावीस वर्षांची सवय,” ती म्हणे. “भोक पडलं की माणूस गप्प बसतो.”

दर वेळी एकदा तरी विचारायची, “दिवाण कसा आहे?”

“आहे.”

“तू झोपतेस ना त्याच्यावर? झोप. दगडाला माणसाची ऊब लागते.”

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मिठागरात पाणी भरलं. गुडघाभर, चार दिवस. उंदीर शेडमध्ये आले. सव्वीस तारखेला तिला ताप आला. तिनं तो तीन दिवस कुणाला सांगितला नाही. एकोणतीसला पिंडऱ्या दुखून चालवेना आणि डोळे पिवळे झाले तेव्हा शेजारच्या बाईनं निरोप पाठवला. लेप्टो. त्यावरचं औषध साधं आहे, वेळेवर दिलं तर. इस्पितळात जागा व्हरांड्यात मिळाली. प्लेटलेट एकोणीस हजार. एकतीसला सकाळी ती म्हणाली, “बाय, पाणी नको, आधी तो पंखा बंद कर,” आणि पंखा नव्हता. दुपारी सव्वातीनला गेली. अकरा जणांपैकी त्या पावसात गेलेली ती एकटी नव्हती. पेडणेकरांचे साडूही गेले.

आईनं चादर बदलली, दिवाण तसाच ठेवला. आम्ही त्याच्यावर बसायचं टाळू लागलो.

ऑक्टोबरमध्ये साहित्य कार्यालयानं नियम मागे घेतला. दोन्ही फौजांची बोलणी पुन्हा फिसकटली होती, सिमेंट येणार नव्हतं हे आता अधिकृत झालं होतं, आणि मैदानातल्या साठ्याचं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. परिपत्रकात लिहिलं होतं : ज्याचं साहित्य त्याचं, नोंद करावी, जप्ती होणार नाही.

दोन दिवसांनी दुपारी मी कामावरून परत आले तर पार्किंगमध्ये चिरे होते. पेडणेकर आणि त्यांचे दोघे मुलगे जिन्यातून उतरवत होते. मला वाटलं, ते आमचे आहेत, आईनं काढायला सांगितले. मग त्यांच्या शेजारी दुसरा ढीग दिसला. तळमजल्यावरून काझींचे पुतणे गोणपाटात बांधून बाहेर आणत होते. मयेकरकाका जिन्याच्या पायरीवर बसलेले, हात लाल मातीनं माखलेले.

“हे कुणाचे?” मी विचारलं.

“आमचे,” ते म्हणाले. “मुलीच्या सासरचे. तिचं घर पडलं ना.” मग म्हणाले, “आम्हाला वाटलं, फक्त आमच्याच घरात आहेत. एका घराचं काय एवढं.”

नाझनीनभाभी दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावलेला. “आम्ही पण तेच म्हटलं,” त्या म्हणाल्या. “तू आलीस तेव्हा जाकीट घालून आलीस गो. नुसती आली असतीस तर...”

“जाकीट नसतं तरी तुम्ही सांगितलं नसतं, भाभी,” मी म्हणाले. “मीही नाही सांगितलं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मयेकरकाकांनीही. त्यांना ते माहीत नव्हतं. मी सांगितलं : एकशेवीस, तिसरा मजला, आत्याचे. दोन माणसांचा फरक पडत होता, तोही मला माहीत होता. कुणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. पेडणेकरांनी हातातला चिरा खाली ठेवला, जिन्यात गेले, आणि आमच्या दारात जाऊन आईला म्हणाले, “वहिनी, तुमचे पण उतरवतो. पोरं आहेत.”

अंधार पडायच्या आत सगळे उतरले. मी मोजले. आठ घरांतून आठशे एकाहत्तर. बत्तीस किलोंनी सत्तावीस टन आठशे बहात्तर किलो. त्यातले पाचशेच्या वर दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावरचे, डोलकाठीच्या शेंड्याशी. साडेतीनशेला एक खोली धरली तर दोन खोल्या होऊन वर चिरे उरत होते. सिमेंट नसलं तरी मातीत बसवता आल्या असत्या. पूर्वी बसवतच. हे कुणीतरी म्हणालं. कोण ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मयेकरकाका दार वाजवून म्हणाले, “रेवा, पुन्हा लावतेस का तो डबा?”

“कशाला, काका?”

“नोंद तरी राहील,” ते म्हणाले. “संस्थेच्या दप्तरात चुकीचा आकडा आहे.”

या वेळी मी जाकीट घातलं नाही. आठही घरांत गेले आणि प्रत्येक चादर उचलली. सोळापैकी पंधरा दिवाणांच्या जागी नुसती गादी आणि तिच्याखाली फरशी होती, चिऱ्यांच्या कडांचे तांबडे ठसे उमटलेली. नाझनीनभाभींकडे एक खरा लाकडी निघाला. मी त्याचं वजन केलं, एक्केचाळीस किलो. पिंपं पुन्हा मोजली, एकोणतीस. माणसं मोजली, सदतीस. पेडणेकरांची जुळी आता रांगत होती, एकाला उचलून वजन करताना त्यानं माझी पेन्सिल धरली आणि सोडेना.

नाडी जिन्याच्या डोक्याशी त्याच जागी दोन तास ठेवली. वारा वायव्येचा, मंद. जनरेटर बंद. सगळी माणसं आपापल्या घरी बसून राहिली होती, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

श्रमसाफल्य, ब विंग. सेकंदाला २.८३ हेलकावे. सुरक्षित क्षमता बावन्न माणसं.